लेखकाच्या उमेदवारीचा खर्च कोण करणार?

अमेरिकेतील ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या केंद्रीय कलासंस्थेने २०२६ या आर्थिक वर्षासाठीच्या सर्जनशील लेखनाच्या पाठ्यवृत्त्या ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केल्या. अर्जांची मुदत तोवर संपली होती आणि अर्जदार निकालाची वाट पाहत होते. ही पाठ्यवृत्ती पंचवीस हजार डॉलरची, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक रकमेची होती. लिहून तयार असलेल्या पुस्तकाचे ते बक्षीस नव्हते. पुढचे पुस्तक लिहिण्यासाठी लागणारा वेळ लेखकाला मिळावा, एवढाच तिचा हेतू होता. त्याआधी सहा महिने, फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला अमेरिकी परराष्ट्र खात्याकडून मिळणारे सुमारे दहा लाख डॉलरचे अनुदान बंद झाल्याचे कळविण्यात आले होते.

लाखो कोटींच्या अर्थसंकल्पात या रकमा नगण्य आहेत. तरीही सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या, किंवा घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या दोन बातम्यांचे महत्त्व मोठे आहे. गेली आठ-नऊ दशके अमेरिकेने साहित्याच्या क्षेत्रात एक विलक्षण व्यवस्था उभी केली. नवोदित लेखकाला दोन-तीन वर्षे पोटापाण्याच्या चिंतेतून मोकळे करायचे आणि त्या मोबदल्यात त्याच्याकडून फक्त लेखनाची अपेक्षा धरायची, असा हा व्यवहार होता. या व्यवहारातील पैसे मोजणारी बाजू आता हात आखडता घेऊ लागली आहे. या शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच विद्यापीठाच्या नावाआधी आपल्या वेळेचे पैसे कोण भरणार आहे, हे पाहणे आवश्यक झाले आहे.

पदवी कशाची?

‘लेखन शिकवता येते का?’ हा प्रश्न या पदवीच्या जन्मापासून तिच्या मागे लागलेला आहे. आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये पदव्युत्तर पदवीसाठी संशोधनपर प्रबंधाऐवजी कथा, कविता किंवा नाटक स्वीकारण्याचे ठरविले. १९३६ मध्ये तेथे लेखक कार्यशाळा रीतसर सुरू झाली. १९४१ ते १९६५ या काळात कवी पॉल एंगल यांनी ती नावारूपाला आणली. स्टॅनफर्ड विद्यापीठात कादंबरीकार वॉलेस स्टेग्नर यांनी १९४६ मध्ये लेखनाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये एम. ए.चा वर्ग काढला, तेव्हा पहिला विद्यार्थी होता इयन मॅक्युअन. दहा वर्षांनी काझुओ इशिगुरो याच वर्गातून बाहेर पडले आणि २०१७ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

‘मास्टर ऑफ फाइन आर्ट्स’ म्हणजे एमएफए या नावाने ओळखली जाणारी ही पदवी साधारणपणे दोन किंवा तीन वर्षांची असते. तिचा गाभा म्हणजे कार्यशाळा. दहा-बारा विद्यार्थी एका टेबलाभोवती बसतात. एकाची कथा किंवा कविता इतरांनी आधी वाचून आणलेली असते. चर्चा चालू असताना ज्याचे लेखन आहे त्याने गप्प बसायचे, हा अनेक ठिकाणचा रिवाज. वर्गाचे तास आठवड्यात मोजकेच असतात. उरलेला वेळ वाचण्याचा, लिहिण्याचा आणि लिहिलेले खोडण्याचा. अखेरीस कथासंग्रह, कवितासंग्रह किंवा कादंबरीचे हस्तलिखित प्रबंध म्हणून सादर करायचे.

प्रतिभा वर्गात वाटली जात नाही, हे या अभ्यासक्रमांचे चालकही मान्य करतात. ‘पी हळद आणि हो गोरी’ असा हा प्रकार नाही. परंतु गवयाला गुरूच्या घरी राहून रियाज करावा लागतो, सुताराच्या हाताखाली पोराला उमेदवारी करावी लागते, तशी उमेदवारीची वर्षे लेखकालाही लागतात. एमएफएने ही वर्षे विद्यापीठाच्या छपराखाली आणली. सर्वसामान्य घरातील तरुणाला ती परवडावीत यासाठी पैशाची सोय झाली, आणि या पदवीचे खरे वेगळेपण तेच ठरले. १९६७ मध्ये अशा लेखनवर्गांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तेरा विद्यापीठांचे पंधरा लेखक तिच्यात होते. आज अमेरिकेत पदव्युत्तर लेखनवर्गांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. मार्क मॅकगर्ल या अभ्यासकाने २००९ मधील आपल्या ग्रंथात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी कथात्म साहित्याला ‘कार्यक्रमांचे युग’ असेच नाव दिले.

पैसा येतो कोठून?

या व्यवस्थेचे अर्थकारण तीन खांबांवर उभे आहे. पहिला खांब अध्यापन साहाय्यकाच्या कामाचा. विद्यार्थ्याचे शुल्क माफ होते, दरमहा विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात तो पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन किंवा साहित्याची ओळख शिकवतो. दुसरा खांब देणग्यांच्या निधीचा. मिशिगन विद्यापीठाच्या लेखन कार्यक्रमाला २०१३ मध्ये हेलन झेल यांच्या प्रतिष्ठानाकडून पाच कोटी डॉलर मिळाले आणि त्या कार्यक्रमाला त्यांचेच नाव देण्यात आले. टेक्सास विद्यापीठातील मिशनर केंद्र हे कादंबरीकार जेम्स मिशनर यांच्या देणगीतून उभे राहिले. तिसरा खांब सरकारी अनुदानांचा. हा पैसा विद्यार्थ्याच्या हातात क्वचितच थेट पडतो. तो लेखनवर्गांच्या आसपासची नियतकालिके, छोटे प्रकाशक, निवासी शिबिरे आणि पदवीनंतरच्या पाठ्यवृत्त्या यांना जगवतो.

हे तिन्ही खांब सर्वत्र सारखे भक्कम नाहीत. आयोवा, मिशिगन, कॉर्नेल, सिरॅक्यूज, टेक्सास यांसारख्या ठिकाणी निवड झालेल्या विद्यार्थ्याचे शुल्क माफ होऊन त्याच्या निर्वाहाचीही सोय होते. अर्थात जागा मूठभर. कॉर्नेल दरवर्षी कथा आणि कविता मिळून आठ विद्यार्थी घेते, आयोवा पन्नासच्या आसपास. याउलट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासारख्या नामांकित ठिकाणी वर्षाचे शुल्कच साठ हजार डॉलरच्या वर जाते आणि बहुतेक विद्यार्थ्यांना त्यातील मोठा भाग स्वतः उभा करावा लागतो. पदवीचे नाव एकच असले, तरी एका ठिकाणी विद्यार्थ्याला वेळ मिळतो आणि दुसऱ्या ठिकाणी कर्ज.

एकामागून एक धक्के

गेल्या दोन-तीन वर्षांतील घटना एका ओळीत मांडल्या की चित्र स्पष्ट होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘गेटिसबर्ग रिव्ह्यू’ हे प्रतिष्ठित वाङ्मयीन नियतकालिक बंद करण्याचा निर्णय ते चालविणाऱ्या महाविद्यालयाने जाहीर केला. मार्च २०२४ मध्ये छोट्या प्रकाशकांची पुस्तके वितरित करणारी ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन’ ही संस्था एकाएकी बंद पडली. त्याच वर्षी व्हरमाँट राज्यातील गॉडर्ड महाविद्यालयाला टाळे लागले. नोकरी सांभाळून, वर्षातून दोनदा थोडे दिवस एकत्र येऊन आणि एरवी घरी राहून एमएफए करण्याची पद्धत १९७६ मध्ये याच महाविद्यालयात सुरू झाली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये स्टॅनफर्डची बातमी आली. तेथील स्टेग्नर पाठ्यवृत्ती या क्षेत्रात सर्वोच्च मानली जाते. विक्रम सेठ हे तेथे अर्थशास्त्राचे विद्यार्थी असताना या पाठ्यवृत्तीचे मानकरी होते. या पाठ्यवृत्तीतून पुढे आलेल्या लेखकांना तेथेच अध्यापनाची संधी देणारी ‘जोन्स व्याख्याता’ ही पदे होती. ती मुळात अल्प मुदतीची. परंतु अनेकजण तेथे वर्षानुवर्षे शिकवीत राहिले आणि विद्यार्थ्यांत लोकप्रिय झाले. या तेवीस व्याख्यात्यांना टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचे विद्यापीठाने जाहीर केले. पद मूळ हेतूप्रमाणे अल्पकालीन असावे, ही विद्यापीठाची भूमिका होती. तिच्यात तथ्य असेलही. परंतु जगातील अतिश्रीमंत विद्यापीठातही लेखन शिकविणाऱ्याची नोकरी किती तकलादू असते, हे त्यातून उघड झाले. एमएफएनंतर प्राध्यापकी करू, या आशेवर जाणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

२०२५ मध्ये सरकारी खांबच हलला. मे महिन्यात ‘नॅशनल एन्डाउमेंट’ने आधी मंजूर केलेली अनेक अनुदाने मागे घेतली, त्यात वाङ्मयीन नियतकालिके आणि ना-नफा तत्त्वावरील प्रकाशनेही होती. एमएफएचा विद्यार्थी पहिली कथा येथेच छापून आणतो, संपादनाचे पहिले धडे येथेच गिरवतो. आयोवाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाला तरुणांसाठीचे उन्हाळी शिबिर रद्द करावे लागले आणि दूरशिक्षणाचे वर्ग गुंडाळावे लागले. शरद ऋतूतील निवासी सत्र कमी लेखकांना बोलावून का होईना, पार पडले.

जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या करविषयक कायद्यातील दोन तरतुदींचा परिणाम मात्र अधिक काळ टिकणारा आहे. एका तरतुदीनुसार श्रीमंत खासगी विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावरील कर १.४ टक्क्यांवरून कमाल ८ टक्क्यांपर्यंत वाढला. देणगीवर उभ्या असलेल्या खांबाला लागलेली ही कात्री आहे. दुसऱ्या तरतुदीनुसार १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जावर वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाख डॉलर अशी मर्यादा घालण्यात आली. परदेशी विद्यार्थ्याला हे कर्ज एरवीही मिळत नाही. तरीही त्याचा संबंध आहे. कर्जाच्या जोरावर महागडे अभ्यासक्रम भरणारे अमेरिकी विद्यार्थी कमी झाले, तर रोख शुल्क भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडे या अभ्यासक्रमांचे लक्ष अधिक वळणे स्वाभाविक आहे. प्रवेशपत्र सहज मिळाले म्हणून हुरळून जाण्याचे दिवस हे नव्हेत.

भारतीय विद्यार्थ्याचे गणित

अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ झाली आणि भारताने चीनला मागे टाकले. २०२४-२५ मध्ये ती ३,६३,०१९ वर गेली. यातील बहुसंख्य विद्यार्थी अभियांत्रिकी, संगणक आणि व्यवस्थापनाचे. सर्जनशील लेखनासाठी जाणारे फारच थोडे. परंतु या थोड्यांचा ठसा मोठा आहे. भारती मुखर्जी यांनी १९६३ मध्ये आयोवातून एमएफए केले. डॉक्टर असलेले अब्राहम व्हर्गीस याच कार्यशाळेतून १९९१ मध्ये बाहेर पडले. २००६ चे बुकर पारितोषिक मिळविणाऱ्या किरण देसाई कोलंबियाच्या विद्यार्थिनी.

आज या वाटेवर निघणाऱ्याला तीन अडथळे दिसतात. पहिला व्हिसाचा. २७ मे २०२५ रोजी अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे थांबविले. १८ जूनला ते पुन्हा सुरू झाले, पण अर्जदाराने समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवावीत, अशी अट घालूनच. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अट त्रासदायक वाटेल. लेखकाला ती अधिक खोलवर लागते, कारण जगाविषयी मत मांडणे हेच त्याचे काम आहे. दुसरा अडथळा पदवीनंतरच्या कामाचा. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधराला प्रशिक्षणार्थ काम करण्याच्या एक वर्षाच्या परवानगीनंतर आणखी चोवीस महिन्यांची वाढ मिळू शकते. एमएफएवाल्याला एका वर्षावर समाधान मानावे लागते. कर्ज काढून गेलेल्याला ते एका वर्षात फेडता येणे जवळजवळ अशक्य आहे. तिसरा अडथळा निर्वाहाचा. विद्यार्थी व्हिसावर शैक्षणिक सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते. विद्यावेतन अपुरे पडले, तर बाहेर काम करून भर घालण्याची मुभा नाही. विवाहित विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तर अवलंबित व्हिसावर नोकरीच करता येत नाही.

ब्रिटनचा पर्याय एक वर्षात आटोपतो, हा त्याचा लाभ. पण तेथे पूर्ण शुल्कमाफीची परंपरा अमेरिकेइतकी रुजलेली नाही, आणि पदवीनंतर काम करण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी अठरा महिन्यांवर आणण्याचा निर्णय तेथील सरकारने घेतला आहे.

आश्रयाची किंमत

सरकारी पैसा आटला याचे दुःख करताना तो पैसा कधीच निर्हेतुक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. एरिक बेनेट या अभ्यासकाने २०१५ मधील आपल्या ग्रंथात शीतयुद्ध आणि लेखन कार्यशाळा यांचे नाते उलगडून दाखविले. पॉल एंगल आणि चिनी लेखिका न्ये ह्वालिंग यांनी १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम उभा केला, तेव्हा देणगीदारांत फारफिल्ड प्रतिष्ठान होते. आणि हे प्रतिष्ठान अमेरिकी गुप्तचर संस्थेचे पैसे वळविण्याचे साधन होते. जगभरच्या लेखकांनी अमेरिका पाहावी आणि तिच्याविषयी बरे मत घेऊन परत जावे, हा त्यामागचा हिशेब.

परंतु हिशेब मांडणाऱ्यांच्या हाती लेखणी नव्हती. या कार्यक्रमातून आजवर दीडशेहून अधिक देशांतील सुमारे सोळाशे लेखक गेले. त्यांत १९८५ मध्ये आलेले ओरहान पामुक, १९९८ मध्ये आलेल्या हान कांग आणि २००४ मध्ये आलेले मो यान हे तिघे पुढे नोबेलविजेते झाले. यांपैकी कोणीही अमेरिकेचा प्रचारक झाला नाही. लेखकाला वेळ देणारा त्याच्याकडून काय लिहून घेऊ इच्छितो आणि लेखक त्या वेळात प्रत्यक्ष काय लिहितो, यांत अंतर राहते. शीतयुद्धाच्या काळातील अमेरिकेने हे अंतर सहन केले, असे म्हणता येईल. २०२५ मध्ये अनुदाने काढून घेताना दिलेले कारण, ही कामे सरकारच्या अग्रक्रमांत बसत नाहीत, असे होते. हे अंतर सहन करण्याची तयारी उरलेली नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

कार्यशाळेच्या आतूनही प्रश्न विचारले गेले आहेत. जुनो डियाझ यांनी २०१४ मध्ये एमएफएच्या वर्गांतील गोऱ्या एकसुरीपणावर कठोर टीका केली. व्हिएत थान न्युएन यांनी २०१७ मध्ये, ‘सांगू नका, दाखवा’ यासारखे कार्यशाळेचे नियम सर्व संस्कृतींना सारखेच लागू पडतात हे गृहीतच नाकारले. मॅथ्यू सॅलेसिस यांच्या २०२१ मधील पुस्तकाने लेखकाला गप्प बसविण्याच्या रिवाजालाच आव्हान दिले. या टीकेमुळे अनेक वर्गांची रीत बदलली. ओवी, कीर्तन, लोककथा यांच्या परंपरेतून आलेल्या विद्यार्थ्याला हा बदल हिताचा आहे. कारण त्याच्या कथनात निवेदक मध्येच थांबून श्रोत्याशी बोलला, तर तो आता आपोआप दोष ठरत नाही.

संधी कोठे उरल्या?

चित्र काळजीचे असले तरी दारे बंद झालेली नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने काही खासगी प्रतिष्ठानांनी एकत्र येऊन पाच वर्षांत किमान पाच कोटी डॉलर वाङ्मयीन संस्थांना देणारा निधी जाहीर केला. सरकारने सोडलेली सारी जागा यातून भरणार नाही, पण नियतकालिके आणि छोटे प्रकाशक यांना श्वास घेण्याइतकी उसंत मिळू शकते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने पहिली संधी पूर्ण अर्थसाह्य देणाऱ्या अभ्यासक्रमांतच आहे. अर्जांच्या तारखा बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात. निवड मुख्यतः लेखनाच्या नमुन्यावर होते. जीआरईसारखी परीक्षा आता बहुतेक ठिकाणी मागितली जात नाही. तेव्हा वेळ आणि पैसा शिकवणीवर्गांपेक्षा नमुन्याच्या पुनर्लेखनावर खर्च करणे शहाणपणाचे. प्रत्येक अर्जाला शुल्क असते. ते माफ होते का, हे विद्यापीठाला लिहून विचारण्यात संकोच बाळगू नये.

प्रवेशपत्र आले की चार गोष्टी तपासाव्यात. शुल्कमाफी पूर्ण आहे की अंशतः? विद्यावेतन पहिल्या वर्षापुरते आहे की अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांसाठी, आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ते मिळते का? आरोग्य विमा कोण भरणार? आणि विद्यावेतनाचा पैसा कोणत्या स्रोतातून येतो? शेवटचा प्रश्न पूर्वी कोणी विचारत नसे. आता विचारायला हवा. कायम निधीतून येणारा पैसा तुलनेने स्थिर असतो, वर्षावर्षाच्या अनुदानावरचा नसतो. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या संकेतानुसार अर्थसाह्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. त्यामुळे पहिल्या पत्राला घाईने होकार देण्याऐवजी सर्व प्रस्ताव समोर ठेवून तुलना करता येते.

दुसरी संधी पदवीविना किंवा पदवीनंतर मिळणाऱ्या पाठ्यवृत्त्यांची. स्टेग्नर पाठ्यवृत्ती दोन वर्षांची असते. तिच्यासाठी एमएफएची अट नाही आणि ती पदवीही देत नाही. मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाऊन येथील कलाकेंद्र १९६८ पासून नवोदित लेखकांना आणि चित्रकारांना सात महिने राहण्याची जागा आणि निर्वाहवेतन देते. भारतातही २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘संगम हाऊस’ने निवासी लेखनाची परंपरा रुजविली. ‘साऊथ एशिया स्पीक्स’ हा २०२० मध्ये सुरू झालेला उपक्रम दक्षिण आशियातील नवोदितांना वर्षभर अनुभवी लेखकाचे मार्गदर्शन विनामूल्य मिळवून देतो. केंद्र सरकारच्या २०२१ मधील युवा लेखक योजनेत तीस वर्षांखालील पंचाहत्तर लेखकांना सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये देण्यात आले. मराठीसह बावीस भाषा तिच्यात होत्या. पुढे तिच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

मराठी लेखकाने काय पाहावे?

मराठीत लिहिणाऱ्या तरुणाची अडचण आणखी वेगळी. अमेरिकेत इंग्रजीखेरीज स्पॅनिशमध्ये एमएफए करण्याची सोय आयोवासह काही ठिकाणी आहे. मराठीत ती नाही. आपली भाषा सोडून इंग्रजीत लिहायचे, की ही वाटच सोडायची, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो.

या पेचातून जाणारी एक वाट दिलीप चित्रे यांनी दाखविली होती. १९७५ ते १९७७ या काळात ते आयोवाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात होते. मराठीत लिहीत असतानाच त्यांनी मराठी कविता इंग्रजीत नेण्याचे काम आयुष्यभर केले. १९६७ मध्ये त्यांनी संपादित केलेला आधुनिक मराठी कवितेचा इंग्रजी संग्रह निघाला होता. १९९१ मध्ये त्यांनी केलेला तुकोबांच्या अभंगांचा अनुवाद प्रसिद्ध झाला. भाषांतर हे लेखकाचे दुय्यम काम नसून त्याच्या उमेदवारीचाच भाग आहे, हे त्यांच्या कामातून दिसते.

आज या वाटेला भाव आला आहे. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. बक्षिसाची रक्कम दोन्ही वेळा लेखिका आणि अनुवादक यांच्यात समान वाटली गेली. आयोवात वाङ्मयीन भाषांतराचा स्वतंत्र एमएफए आहे. शिकागो विद्यापीठात केंद्र असलेला दक्षिण आशियाई साहित्याच्या भाषांतराचा प्रकल्प अनुवादकांना मार्गदर्शन आणि प्रकाशकांना साह्य पुरवतो. ‘न्यू इंडिया फाउंडेशन’च्या भाषांतर पाठ्यवृत्तीत मराठीचा समावेश असून वैचारिक आणि ऐतिहासिक ग्रंथ इंग्रजीत नेण्यासाठी सहा महिन्यांचे सहा लाख रुपये देण्याची तिची रचना आहे. इंग्रजीत स्वतंत्र कादंबरी लिहिणाऱ्या हजारोंच्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा, चांगली मराठी आणि चांगली इंग्रजी जाणणाऱ्या तरुणाला येथे स्पर्धा कमी आणि गरज अधिक आहे.

राहता राहिला घरचा प्रश्न. परदेशी शिक्षणासाठी मुंबईतील जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान आणि अभ्यासक्रमाचा नियमांतील समावेश आधी तपासून घ्यावा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना अनेकांच्या पहिल्या पुस्तकाला उपयोगी पडली आहे. मात्र हे अनुदान पुस्तक लिहून झाल्यावर, ते छापण्यासाठी मिळते. लिहिण्याचा काळ लेखकाने आपल्या पदरचा घालायचा, हे येथे गृहीतच धरलेले आहे. म्हणूनच मराठीत पहिली कादंबरी बहुधा नोकरीतून, रात्री जागून किंवा सुट्ट्या जमवून लिहिली जाते. आणि ज्याला ते जमत नाही, त्याची ती लिहायची राहून जाते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना झाली. मराठीत सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचे विद्यावेतन आणि वर्षाला आठ-दहा विद्यार्थी, एवढी सुरुवात करणे अशा विद्यापीठाला अवघड नाही. आयोवाने एका शेतीप्रधान राज्यात, महानगरांपासून शेकडो मैल दूर हेच केले आणि पुढे ते गाव जगाच्या वाङ्मयीन नकाशावर आले. २००८ मध्ये युनेस्कोने आयोवा सिटीला ‘साहित्याचे शहर’ म्हणून मान्यता दिली.

अमेरिकेतील घडामोडींतून विद्यार्थ्याने आणि मराठी संस्थांनी घेण्याजोगा धडा एकच. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण लेखनवर्गालाही लागू आहे. नामवंत शिक्षक, सुंदर परिसर, भारदस्त पदवी हे सारे असूनही विद्यार्थ्याला महिनाअखेरीची विवंचना असेल, तर त्याच्या हातून हिशेबच लिहिले जातात. प्रवेशपत्रातील विद्यापीठाच्या बोधचिन्हाखाली जो मजकूर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो आधी वाचावा. आपली दोन वर्षे कोणाच्या खर्चाने जाणार आहेत, हे तेथे लिहिलेले असते. आणि तेथे काहीच लिहिलेले नसेल, तर तो खर्च आपलाच आहे असे समजावे.